बंधाऱ्याखालची लाट

१९५७ सालच्या श्रावणात, एका मंगळवारी सकाळी, साक्रीच्या वाटेवरच्या एका गावाजवळ पांझरा नदीच्या पुरातून सहा जणांनी दोर टाकून एका माणसाला बाहेर ओढलं. माणसाचं नाव नामदेव ओंकार वायकोळे, वय बेचाळीस, काम धुळ्यातल्या एका साप्ताहिकात प्रुफं तपासणं. त्याच साप्ताहिकात त्या शुक्रवारी 'बुडणाऱ्या इसमास वाचविले' या मथळ्याखाली अकरा ओळींची बातमी आली. ती मी लिहिली होती. तिच्यात गावाचं नाव, नदीचं नाव, वार आणि सहाही जणांची नावं बरोबर होती. चूक एवढीच होती, की वायकोळे बुडत नव्हते.

कचेरीत त्यांना सगळे नाना म्हणत. १९४८ साली ते कामाला लागले. मी त्यानंतर चार वर्षांनी आलो. उंची बेताची, मान आखूड, डोळ्यांभोवती बारीक सुरकुत्या. मनगटी घड्याळ ते हाताच्या आतल्या बाजूला बांधत. चहा आला की बशीने झाकून ठेवत आणि पूर्ण गार झाल्यावर पीत. त्यांना खुर्ची दिलेली होती, पण प्रुफं ते उभ्याने वाचत. टेबलाला सरळ तोंड करून नाही, तिरके. डावा पाय पुढे, उजवा मागे आडवा, गुडघे किंचित वाकलेले. खिळे जुळवणारे त्यावरून त्यांची थट्टा करत. "नाना, गाडी सुटली का? दांडा धरा की," असं कुणीतरी रोज म्हणे. नाना वर बघत नसत.

तपासून झालेल्या शेवटच्या प्रुफावर ते एकच शब्द लिहीत: 'छापा'. त्याखाली तारीख आणि वेळ, मिनिटांसकट. ही सवय आरमारातली. खबर मिळाली की घेतल्याची वेळ टाकायची. तो शब्द असल्याशिवाय छापखान्यात पान यंत्रावर चढत नसे.

नानांचं घर नशिराबादच्या पुढच्या एका गावात, केळीच्या बागायतीचं. लढाईच्या काळात ते आरमारात भरती झाले. का गेले, हे त्यांनी सांगितलं नाही. त्यांना विशाखापट्टणला टेकडीवरच्या इशारा-चौकीवर ठेवलं होतं. काम दिवसभर समुद्राकडे बघण्याचं: कोणतं जहाज येतं, त्यावर कोणते झेंडे आहेत. टेकडीच्या पायथ्याशी कोळ्यांची वस्ती होती. तिथले लोक दोन-तीन ओंडके काथ्याने बांधून त्यावर समुद्रात जात आणि परत येताना लाटेच्या पाठीवर बसून थेट वाळूत येत. त्यांच्यात अप्पन्ना नावाचा एक जण होता. तो एका सुट्या ओंडक्यावर उभा राहून येई. नानांनी हे टेकडीवरून दुर्बिणीतून पाहिलं आणि पहिल्याच सुट्टीच्या सकाळी ते खाली उतरले.

तीन वर्षं ते अप्पन्नाकडे शिकले. आधी सहा महिने त्याने त्यांना पाण्यात पाऊल टाकू दिलं नाही. वाळूत बसवून लाटा बघायला लावल्या. एकाची तेलुगू, दुसऱ्याची मराठी, मधे मोडकी हिंदी. पुढे नाना पोटावर झोपून यायला लागले, मग गुडघ्यांवर. १९४६ साली अप्पन्ना एके दिवशी म्हणाला, उद्या उभा राहा. त्याच संध्याकाळी नानांच्या तुकडीला मुंबईला जाऊन नाव कमी करून घेण्याचा हुकूम आला. सकाळच्या गाडीने ते निघाले.

हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "एकदा उभं राहायचंय. बाकी काही नाही." सहा वर्षांत त्यांना याखेरीज दुसरी कुठली इच्छा असल्याचं माझ्या पाहण्यात आलं नाही.

समुद्र धुळ्याहून लांब आहे. कचेरीत समुद्र पाहिलेले तिघे होते, त्यांतल्या दोघांनी तो चौपाटीवर पाहिला होता. नाना अशा माणसांना लाट कशी वाचायची ते शिकवत. अंकांचे गठ्ठे बांधायची सुतळी घेत, तिच्या मधोमध एक गाठ मारत, एक टोक कुणाच्या तरी हातात देत आणि दुसरं झटकत. सुतळीतून एक उंचवटा पळत जाई. गाठ वर होऊन पुन्हा जागेवर येई.

"काय गेलं?" नाना विचारत.

"सुतळी हलली," जुळारी म्हणे.

"गाठ कुठे आहे?"

"जिथे होती तिथे."

"तेच पाणी. पाणी जागेवर असतं. चालते ती लाट."

"मग नाना, पाणी येतच नाही, तर माणूस भिजतो कशाने?"

सगळे हसत. नाना सुतळी गुंडाळून ठेवत. पुन्हा आठ-पंधरा दिवसांनी तीच सुतळी, तीच गाठ.

ऐकणाऱ्याला ते टप्प्याटप्प्याने सांगत. लाटेची उंची बघू नये, आधी वेळ मोजावी. एक माथा आल्यापासून दुसरा येईपर्यंत किती सेकंद. वेळ लांब असेल तर लाट दुरून आलेली आहे, तिच्यात जोर आहे. लाटा कळपाने येतात. पाच-सात मोठ्या, मग थोडी उसंत. आत जायचं ते त्या उसंतीत. कळपातली पहिली लाट घेऊ नये. ती कुठे मोडते ते बघून तळ कुठे उथळ आहे ते ओळखावं. लाट एकदम मोडत नाही, एका बाजूने मोडत जाते. न मोडलेल्या बाजूला खांदा म्हणायचं, आणि तिकडे तोंड करायचं. सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, तो लाटेला उभी धरतो. दहा वाजले की वारा फिरतो, मग घरी जावं.

आणि हे झालं की ठरलेलं वाक्य: "पांढरं दिसलं की लाट संपली. लोक पांढऱ्याकडेच बघतात."

एकदा आमच्या अंकात मुलांच्या पानासाठी समुद्रावर लेख आला. लेखकाने लिहिलं होतं, की लाटेबरोबर समुद्राचं पाणी दूरदूरच्या देशांहून वाहत आपल्या किनाऱ्याला येतं. नानांनी प्रुफात ते वाक्य खोडलं आणि समासात तीन ओळी लिहिल्या. संपादकांनी, ज्यांना आम्ही भाऊसाहेब म्हणत असू, नानांना बोलावून घेतलं.

"नाना, हे काय आहे?"

"चूक आहे. पाणी येत नाही."

"ऱ्हस्व-दीर्घाची चूक आहे का?"

"नाही."

"खिळा उलटा बसलाय?"

"नाही, पण वाक्य खोटं आहे."

"मग ते लेखकाचं. तुम्ही अक्षरं बघा. मजकूर मी बघतो."

नानांनी स्वतःच्या तीन ओळी खोडल्या, मूळ वाक्याखाली टिंबांची रेघ मारली, म्हणजे ते कायम, आणि खाली 'छापा' लिहिलं. त्या दिवशी त्यांचा चहा तसाच राहिला.

१९५३ च्या दिवाळीत त्यांनी समुद्र गाठायचं ठरवलं. रजा एका वेळी तीनच दिवसांची मिळे, कारण प्रुफांना दुसरं माणूस नव्हतं. तीन दिवसांत विशाखापट्टण होत नाही. मुंबईचा किनारा त्यांनी एका उन्हाळ्यात पाहिला होता. लाटा पोटरीएवढ्या, आणि पाण्यापेक्षा माणसं जास्त. म्हणून सुरत. दोंडाईच्याला आगगाडीत बसलं की तापीच्या खोऱ्यातून सरळ सुरतेला जाता येतं.

त्यासाठी त्यांनी फळी करून घेतली. सहा फूट लांब, दीड फूट रुंद, पुढचं टोक तासून वर उचललेलं. त्यांना पांगाऱ्याची हवी होती, कारण ते लाकूड हलकं. सुतार म्हणाला, "नाना, दोन पावसाळ्यांत कुजेल. पाट करायचा तर सागाचा करा." पाट नाही, हे त्याला सांगून उपयोग झाला नाही. फळी सागाची झाली. मधोमध नानांनी काथ्याच्या दोन पट्ट्या ठोकल्या, पाऊल घसरू नये म्हणून. एक पुढे, एक मागे, दोन्ही आडव्या. दोंडाईच्याला गार्डने ती डब्यात घेऊ दिली नाही, मालाच्या डब्यात टाकली. पावतीवर लिहिलं: दरवाजा, अर्धा.

सुरतेजवळच्या किनाऱ्यावर ते पोहोचले तेव्हा समुद्र नव्हता. ओहोटी होती. पाणी इतकं मागे गेलं होतं, की नजरेला एक चमकती रेघ तेवढी दिसत होती. मधे सगळा चिखल. फळी डोक्यावर घेऊन ते चिखलातून चालत निघाले आणि गुडघ्यापर्यंत रुतल्यावर परत फिरले. भरती आली तेव्हा लाट आलीच नाही. पाणी, त्यांच्याच शब्दांत, घरात शिरावं तसं आलं. जमिनीलगत, सपाट, सगळीकडून एकदम. ते दोन दिवस थांबले. त्यांच्या वहीत त्या दोन दिवसांच्या नोंदी आहेत. पहिल्या दिवशी: लाट नाही. दुसऱ्या दिवशी: लाट नाही.

"चार वर्षं समुद्र बघत बसलो," ते मला म्हणाले, "आणि हा कळला नाही मले. आखाताचं तोंड नकाशात बघायला पाहिजे होतं. तळ उथळ, लाट बाहेरच मरते. शाळेतल्या मुलाला कळलं असतं."

बोलताना त्यांच्या तोंडी 'मला'चं 'मले' झालं, की ते चिडलेले आहेत असं आम्ही समजत असू.

बंधाऱ्याखालची लाट त्यांना सापडली ती १९५५ च्या पावसाळ्यात. कचेरीच्या कामाने ते साक्रीला गेले होते, येताना पुरामुळे मोटार अडली. पांझरेवर जागोजागी दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्याने अडलेलं पाणी पाटाने शेतांच्या फडांना जातं. नाना वेळ घालवायला अशाच एका बंधाऱ्यावर जाऊन उभे राहिले. पाणी बंधाऱ्यावरून घसरून खाली पडत होतं आणि पायथ्याशी पांढरं होऊन उलटं फिरत होतं. त्याच्या पुढे, दोन-तीन माणसांच्या लांबीवर, गढूळ पाण्याची एक लाट उभी होती. कमरेएवढी, गुळगुळीत, न मोडणारी. नानांनी घड्याळ बघितलं. वीस मिनिटं ती जागची हलली नाही.

परत आल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या हातात सुतळी नव्हती.

"समुद्रात पाणी जागेवर असतं, लाट चालते. तिथे लाट जागेवर आहे, पाणी चालतंय. उलटं आहे. पण उभ्या राहणाऱ्याला फरक काय? त्याच्या पायाखाली उतारच असतो."

"धोका नाही?"

"आहे. पायथ्याशी पांढरं उलटं फिरतं ना, ते माणूस सोडत नाही. त्याच्यात जायचं नाही. पुढची गुळगुळीत आहे, ती घ्यायची. काठाच्या संथ पाण्यातून, बाजूने शिरून."

त्या बंधाऱ्याच्या पाटावर उखा नावाचा पाटकरी होता. पाटाचं पाणी कुठल्या फडाला किती वेळ सोडायचं, हे त्याचं काम. वय साठीच्या पुढे. गाव त्याला उखा आबा म्हणे. पूर आला की पाटाच्या तोंडाशी असलेल्या खाचांत फळ्या टाकून तोंड बंद करायचं, म्हणजे गाळ पाटात शिरत नाही, हेही त्याच्याकडे. पुराचं पाणी तो बंधाऱ्याच्या कडेच्या पायऱ्यांवरून ओळखे. नानांनी त्याला लाट दाखवली. तो म्हणाला, "ही? ही तं तिसरी पायरी बुडनी का उभी ऱ्हास. चौथी बुडनी का मोडी जास."

नाना मला म्हणाले, की विशाखापट्टण सुटल्यापासून लाटेबद्दल शहाण्यासारखं बोललेला हा पहिला माणूस.

दोघांनी व्यवस्था ठरवली. उखाला लिहिता येत नव्हतं. नदी चढू लागली, की त्याने सकाळच्या मोटारीच्या कंडक्टरजवळ एक दोरी द्यायची. जितक्या पायऱ्या बुडाल्या तितक्या गाठी. तीन गाठी म्हणजे निघून या. कंडक्टर ती आमच्या कचेरीत टाके.

त्या पावसाळ्यात आणि पुढच्या पावसाळ्यात मिळून तीन गाठींची दोरी चार वेळा आली. पांझरेचा पूर फार वेळ टिकत नाही. दोरी कचेरीत पोहोचायला साडेदहा वाजत, परतीची मोटार बाराला सुटे. पहिल्या वेळी नाना पोहोचले तेव्हा दुसरी पायरी कोरडी होती. दुसऱ्या वेळी पहिलीही कोरडी होती. उखा बंधाऱ्यावर बसलेला होता. "तुमनी लाट सकायले उनी व्हती, नाना," तो म्हणाला, "वाट दखी दखी गयी." तिसऱ्या वेळी वाटेत ओढ्याला पाणी आलं आणि मोटार मागे फिरली. चौथी दोरी गुरुवारी आली. गुरुवारी अंक छापला जाई. नानांनी ती समोर ठेवून आठही पानांची प्रुफं तपासली आणि आठांवर 'छापा' लिहिलं. त्या अंकात प्रुफाची एकही चूक नव्हती, हे मी नंतर पाहिलं.

१९५७ साली त्यांनी भाऊसाहेबांकडे पंधरा दिवसांची रजा मागितली. नऊ वर्षांत एवढी रजा त्यांनी कधी मागितली नव्हती.

"कशासाठी?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"नदी बघायला."

"पंधरा दिवस?"

"ती कधी येते ते तिच्यावर आहे."

रजा मिळाली. तेवढे दिवस प्रुफं मी बघायची, असं ठरलं. नाना फळी घेऊन उखाच्या ओसरीवर जाऊन राहिले. अकरा दिवस ऊन पडलं. बाराव्या दिवशी, मंगळवारी, डोंगरात पाऊस झाला आणि सकाळी नदी आली.

पुढे काय झालं हे मी तेव्हा पाहिलेलं नाही. मला कळलं ते गावच्या पोलीस पाटलाकडून, जो बुधवारी स्वतः कचेरीत आला. गावची रीत अशी, की पुरात लाकडं वाहून येतात, ती काठावरून आकडीचा दोर टाकून धरायची. ज्याने धरलं त्याचं लाकूड. त्या सकाळी सहा जण आकड्या घेऊन काठावर उभे होते. त्यांना पात्रात एक फळी दिसली. तिच्यावर एक माणूस होता. फळी वाहून जात नव्हती, एका जागी थरथरत होती. त्यांना वाटलं, ती कपारीत अडकली आहे. माणूस हात फाकवून उभा होता. त्यांना वाटलं, हाका मारतो आहे. त्यांनी आकडी टाकली, ती फळीच्या वर उचललेल्या टोकात बसली, आणि सहा जणांनी मिळून ओढलं. फळी आली. माणूस पाण्यात पडला, त्यालाही ओढलं.

नाना बाहेर आल्यावर ओरडले, "सोडा! सोडा म्हणतो मी!" सहांतला एक हसत म्हणाला, "आम्ही नही ऱ्हातूत ते तुम्ही सुरतले पोची जातात, नाना!"

नानांनी फळी मागितली. त्यावर झालेलं बोलणं पाटलाने मला हसत हसत सांगितलं. ज्याची आकडी बसली होती तो म्हणाला, "लाकूड आमनं. माणूस तुमना. लई जा."

हे शेवटचं बोलणं मी बातमीत घेतलं नाही. बाकी सगळं पाटलाने सांगितलं तसं घेतलं. मी बातमी लिहीत असताना नाना रजा अर्धवट टाकून परत आले होते आणि माझ्यापासून दहा फुटांवर, टेबलापाशी, तिरके उभे होते. मी त्यांना काहीही विचारलं नाही. पाटील सही-शिक्क्याचा माणूस होता, सहा साक्षीदार होते, आणि अंक उद्या छापायचा होता.

बातमीचं प्रूफ त्यांच्याकडेच गेलं. तासाभराने ते भाऊसाहेबांच्या टेबलावर आलं. मथळ्यातला 'बुडणाऱ्या' हा शब्द खोडलेला होता. दुसरी खूण नव्हती.

"नाना, हे काय?"

"मी बुडत नव्हतो."

"मग काय करत होतात?"

हे सांगायला नानांना बहुधा सुतळीपासून सुरुवात करावी लागली असती.

"सहा माणसांनी जीव धोक्यात घातला," भाऊसाहेब म्हणाले. "त्यांचा सत्कार होणार आहे. तुम्ही बुडत नव्हतात, तर त्यांनी वाचवलं कुणाला?"

"ते त्यांना विचारा."

"घाबरलेल्या माणसाला कळत नाही, नाना. अक्षरं बरोबर आहेत ना?"

"अक्षरं बरोबर आहेत."

"मग झालं."

भाऊसाहेबांनी शब्दाखाली स्वतः टिंबं मारली. नानांनी कागद परत घेतला, पुन्हा एकदा वाचला आणि छापखान्यात नेऊन दिला. त्यावर 'छापा' लिहिलेलं नव्हतं, वेळही नव्हती. फोरमन विचारायला वर आला, तेव्हा तो शब्द मी लिहिला.

सत्कार पुढच्या आठवड्यात झाला. तालुक्याच्या अधिकाऱ्यांनी सहाही जणांना शाल-नारळ दिला. वाचलेल्या माणसाने दोन शब्द बोलावेत, असं ठरलं होतं. नाना उभे राहिले आणि म्हणाले, "मी बुडत नव्हतो." सभा हसली. अधिकारी म्हणाले, की माणूस मोठ्या संकटातून गेला की असंच बोलतो, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या. नाना खाली बसले. मी त्या कार्यक्रमाचीही बातमी दिली. त्यांचं वाक्य तिच्यात नाही.

नंतर एकदा, दुपारच्या वेळी, कचेरीत आम्ही दोघेच असताना मी विचारलं, "नाना, तुम्ही फळीवर उभे होतात का?"

"तुझ्या बातमीत काय आहे?"

"त्यात ते नाही."

"मग नसेन." त्यांनी गार चहा घेतला. "तेव्हा विचारायचं होतंस. दहा फुटांवर होतो."

त्या वर्षी त्यांनी सुतळी काढली नाही. कुणी लाटेचं नाव काढून थट्टा केली, तर ते खुर्चीवर बसत. प्रुफं बसून वाचू लागले. १९५८ च्या उन्हाळ्यात त्यांचे वडील वारले आणि केळीकडे बघायला कुणी उरलं नाही. नानांनी नोकरी सोडली. मी त्यांना मोटारस्थानकावर पोहोचवायला गेलो. जळगावची गाडी भरलेली होती, बसायला जागा नव्हती. ते मधल्या वाटेत उभे राहिले, डावा पाय पुढे, उजवा मागे आडवा. मी खाली होतो. गाडीने हिसका देऊन वळण घेतलं, तेव्हा आतले सगळे दांड्याला लोंबकळत एका बाजूला गेले. नानांनी दांडा धरलेला नव्हता. ते होते तिथेच होते.

१९६० च्या पावसाळ्यात फडांच्या पाण्यावर लिहायचं म्हणून मी त्या गावी गेलो. पाटाच्या तोंडाशी उखा पाटकरी भेटला. मी कुठल्या साप्ताहिकाचा ते सांगितलं. तो म्हणाला, "तुम्हीच छापं का नाना बुडी ऱ्हायंता म्हनीसन?"

मी हो म्हणालो.

"तो बुडी नही ऱ्हायंता. तो उभा व्हता."

"तुम्ही पाहिलं?"

"मी अठेच व्हतू. पाटना तोंडवर." त्याने नदीच्या पलीकडचा काठ दाखवला. "त्या सहाजन तथा व्हतात. मी आवाज दिधा, पन पूरमा कोनले ऐकू येस? नाना पहिले पोटवर व्हता. मंग गुडघावर. मंग उभा ऱ्हायना."

"हे कुणाला सांगितलं नाहीत?"

"माले कोनी इचारंच नही."

"किती वेळ उभे होते?"

उखाकडे घड्याळ नव्हतं. त्याने फळ्यांवरून हिशेब सांगितला. नाना उभे राहिले तेव्हा त्याने पाटाच्या खाचेत पहिली फळी टाकायला घेतली होती. तिसरी बसली तेव्हा आकडी पडली. तीन फळ्या टाकेपर्यंत नाना उभे होते.

मी त्याला तीन फळ्या तशाच पुन्हा टाकायला सांगितल्या, जितक्या घाईने तेव्हा टाकल्या असतील तितक्याच घाईने. फळ्या बाजूला रचलेल्या होत्या. मी घड्याळ हातात घेतलं. त्याने पहिली उचलून खाचेत सरकवली आणि पायाने खाली दाबली. दुसरी. मग तिसरी. तिसरी सागाची होती, बाकीच्यांपेक्षा रुंद, एका टोकाला करवतीने कापून सरळ केलेली. तिच्यावर काथ्याच्या दोन पट्ट्या होत्या, दोन्ही आडव्या. उखा म्हणाला, की जुनी तिसरी फळी कुजली म्हणून ही त्या आकडीवाल्याकडून मागून आणली. ती खाचेत बसेपर्यंत बावन्न सेकंद झाले होते.

खात्री करावी म्हणून मी ते आणखी दोनदा करून घेतलं. एकदा एकावन्न आले, एकदा चौपन्न.

कचेरीत येऊन मी चार ओळींची दुरुस्ती लिहिली. भाऊसाहेबांनी ती वाचली आणि तीन वर्षांपूर्वीच्या बातमीची दुरुस्ती छापत नाहीत, असं सांगून परत दिली. त्याच चार ओळी मी एका जोडकार्डावर उतरवल्या आणि नशिराबादच्या पुढच्या त्या गावी पाठवल्या: "१९५७ च्या श्रावणात पांझरेच्या पुरात श्री. नामदेव ओंकार वायकोळे हे बुडत होते, असे आम्ही छापले होते. ते चुकीचे आहे. ते बंधाऱ्याखालच्या लाटेवर फळी घेऊन सुमारे बावन्न सेकंद उभे होते. पाहणारा: उखा पाटकरी."

नवव्या दिवशी उत्तराचं अर्ध कार्ड आलं. माझ्या चार ओळी त्यावर त्यांनी स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहून काढल्या होत्या. 'सुमारे' हा शब्द खोडलेला होता आणि त्याखाली टिंबं मारून पुन्हा कायम केलेला होता. खाली लिहिलं होतं: छापा. त्याखाली तारीख, आणि वेळ सकाळी आठ वाजून वीस मिनिटं.